मॅलेकाइट कसा ओळखावा?

गणपतीपुळ्याच्या किंवा मालवणच्या बाजारात हिरव्या पट्ट्यांचा मणी कोणी मॅलेकाइट म्हणून पुढे केला, तर किंमत विचारण्याआधी तो उजेडात नेऊन त्याचे पट्टे नीट पाहावेत. मॅलेकाइट हे तांब्याचे कार्बोनेट आहे. तांब्याच्या खनिजांतून झिरपणारे पाणी खडकाच्या पोकळीत ते थरावर थर साचवत जाते. म्हणून खऱ्या दगडात पट्ट्यांची जाडी सारखी नसते, कुठे केसाएवढी रेघ तर कुठे रुंद पट्टा असतो, फिकट हिरव्याला लागून काळपट हिरवा येतो आणि गाठीचा आडवा छेद घेतलेला असल्यास एकात एक वर्तुळे दिसतात. माळेतल्या सगळ्या मण्यांवर एकच नक्षी आणि मधे ठळक काळ्या रेघा असतील, तर ते बहुधा रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेले प्लास्टिक, असते.

त्यानंतर वजन पाहावे, कारण माझ्या मते घरच्या घरी करण्याजोगी सर्वांत भरवशाची परीक्षा हीच आहे. सुटा दगड आधी कोरडाच तोलावा. मग डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला दगड बुडाला किंवा काठाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा. काट्यावर येणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागावे: ३८ ग्रॅमच्या दगडाला १० ग्रॅम आल्यास उत्तर ३.८ येते. मॅलेकाइटचे उत्तर साधारण ३.६ ते ४ असते, सर्पेंटाइन या दुसऱ्या हिरव्या दगडाचे २.६ च्या आसपास, तर रेझिनचे बरेच कमी.

तरीही शंका उरली, तर दगडाची न दिसणारी बाजू चिनी मातीच्या कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर हलकेच ओढावी. मॅलेकाइटची रेघ फिकट हिरवी उमटते, सर्पेंटाइनची पांढरी.

रायगड-रत्नागिरीच्या काळ्या कातळातही हिरवे ठिपके आढळतात, पण ते बहुतेकदा सेलाडोनाइट या मऊ, मातकट खनिजाचे असतात. दागिने आणि वस्तू घडवायला लागणारा बराचसा मॅलेकाइट काँगोतून येतो.

मोठ्या डबीवर सांधे दिसले म्हणून ती लगेच खोटी ठरवू नये. सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यातील मॅलेकाइट दालनाचे खांबही या दगडाचे पातळ तुकडे जुळवून मढवलेले आहेत.

हा दगड मऊ असून आम्लाने झिजतो. समई-निरांजन ज्या चिंच-मिठाने किंवा कोकमाने घासतो, ते त्याला अजिबात लावू नये. त्याची झिलई जाते. ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. पिण्याच्या पाण्यात तो घालून ठेवू नये आणि घरी कापू किंवा घासू नये, कारण त्याच्या धुळीतले तांबे श्वासावाटे गेल्यास अपाय होतो.