सोर्समधून इन्स्टॉल करताना ग्रुपची परवानगी आडवी येते तेव्हा

लिनक्सवर एखादा प्रोग्राम त्याच्या मूळ कोडमधून, म्हणजे सोर्समधून, बनवायला घेतला. कॉन्फिगर (आपल्या मशीनप्रमाणे जुळवणी) झालं, मेकही (कोडमधून प्रोग्राम बनवणं) विनातक्रार पार पडलं, आणि मेक इन्स्टॉल (बनलेल्या फाइली जागेवर ठेवणं) म्हटल्याबरोबर एरर आली. अशा वेळी हात आपोआप सुडोकडे (रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, बनून कमांड चालवणं) जातो, नाहीतर अख्ख्या फोल्डरला सीएचमॉड ७७७ देऊन, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क देऊन, मोकळं व्हावंसं वाटतं. कृपा करून थांबा. एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. दुखणं कुठलं, ते तिच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत असतं.

शेवटी ‘परमिशन डिनाइड’ असेल तर त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क तुम्हाला नाही. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे बहुधा सीएचजीआरपी (फाइलचा ग्रुप बदलणं) किंवा सीएचओन (मालक बदलणं) करताना येतं: फाइल तुमचीच असते, पण ती ज्या ग्रुपच्या, म्हणजे एकत्र हक्क मिळणाऱ्या वापरकर्त्यांच्या समूहाच्या, नावावर करायची त्यात तुम्ही नसता. रूट नसलेल्या माणसाला आपली फाइल फक्त स्वतःच्या ग्रुपांपैकीच एखाद्याला देता येते. ‘इनव्हॅलिड ग्रुप’ म्हणजे त्या नावाचा ग्रुपच मशीनवर नाही. फेडोरा आणि डेबियन ही लिनक्सचीच दोन रूपं, पण फेडोरावर व्हील नावाचा ग्रुप असतो, डेबियनवर मुळात नसतो, म्हणून एकीकडे चालणारी मेकफाइल (मेकला सूचना देणारी फाइल) दुसरीकडे अडते. मेकफाइलमध्ये ग्रुपचं नाव कुठे आलंय ते ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडने शोधा आणि तिथे आपल्याकडचं नाव घाला.

आता तपासणी. ‘आयडी’ ही कमांड चालवा आणि आपण कोणकोणत्या ग्रुपांत आहोत ते बघा. मग जिथे अडलं त्या फोल्डरवर ‘एलएस -एलडी’ चालवा. सुरुवातीच्या डी नंतर तीन-तीन अक्षरांचे तीन गट असतात: मालक, ग्रुप, बाकीचे. मधल्या गटात ‘आर-एक्स’ दिसलं, तर डब्ल्यूच्या जागी आडवी रेघ आहे, म्हणजे ग्रुपला तिथे लिहिता येत नाही. तुम्ही ग्रुपमध्ये असूनही काही उपयोग नाही.

ग्रुपमध्ये नसाल तर ‘सुडो युजरमॉड -एजी’, पुढे ग्रुपचं नाव, मग तुमचं नाव. यातला ए छोटा, जी मोठा, आणि तो छोटा ए विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. जुने सगळे ग्रुप गेले, त्यांत सुडो वापरू देणारा सुडो ग्रुपही गेला, आणि रिकव्हरी मोडमध्ये जाऊन ते परत मिळवावे लागले.

इथेच बरेच जण अडकतात: ग्रुपमध्ये नाव घातलं तरी एरर जात नाही. कारण ग्रुपांची यादी लॉगिन करताना ठरते. ‘आयडी’पुढे आपलं नाव लिहिलं तर नवा ग्रुप दिसतो, नुसत्या ‘आयडी’त दिसत नाही, हा फरक दिसला की लॉगआउट करून परत या. डेस्कटॉपवर नुसती टर्मिनलची खिडकी बंद-चालू करून सहसा भागत नाही. घाई असेल तर ‘न्यूजीआरपी’ आणि ग्रुपचं नाव. तेवढ्या टर्मिनलपुरतं काम होतं.

एकाच फोल्डरमध्ये अनेकांनी इन्स्टॉल करायचं असेल तर फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करून त्याला सीएचमॉड २७७५ द्या. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते. आधीच्या फाइलींना ते लागू होत नाही, त्या हाताने बदलाव्या लागतात. शिवाय यूमास्क (नव्या फाइलींवरचे कोणते हक्क काढून घ्यायचे ते ठरवणारा आकडा) ०२२ असेल तर नव्या फाइलींवर ग्रुपला लिहिता येणार नाही. तो ००२ करा.

पूर्वी कधी ‘सुडो मेक’ केलं असेल तर सोर्सच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडून असतात आणि साधं मेकही अडतं. सीएचओनला मोठा आर लावून पूर्ण फोल्डर परत आपल्या नावावर करून घ्या.

आणि प्रोग्राम एकट्यालाच वापरायचा असेल, तर माझ्या मते या कशातच पडू नका. कॉन्फिगरला प्रीफिक्स, म्हणजे कुठे इन्स्टॉल करायचं तो पत्ता, म्हणून आपल्या होम फोल्डरमधलं ‘.लोकल’ द्या आणि त्यातलं ‘बिन’ पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, घाला. सुडो लागतच नाही. मात्र आधी दुसऱ्या प्रीफिक्सने मेक केलं असेल तर नव्याने कॉन्फिगर करून, मेक क्लीन करून परत मेक करा, कारण जुना पत्ता प्रोग्रामच्या पोटात तसाच राहिलेला असू शकतो.