प्रीमियर पद्मिनीचं ब्रेक पेडल खाली जातंय? मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी हे बघा

गाडी रिस्टोअर झाली, रंग चकचकीत, इंजिन एका सेल्फला सुरू, आणि ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली टेकतंय. असं झालं की लगेच पार्ट आणायला पळू नका. गाडी सपाट जागेवर लावून पेडल नीट दाबून बघा की, अर्धं तिथंच कळतंय.

पहिल्यांदा खाली गेलं पण लगेच परत दाबल्यावर वर आलं आणि कडक लागलं तर बहुतेक ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे पट्टे) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यापासून, लांब आहेत, ॲडजस्ट करा. स्पंजासारखं मऊ लागलं तर लाईनीत एअर आहे. पण पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू सरकत खाली गेलं तर ब्रेक ऑइल कुठंतरी सुटतंय, आणि ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण पद्मिनीसारख्या जुन्या फियाटला चारी चाकांना मिळून एकच लाईन, एका चाकात गळालं की चारी ब्रेक गेले. चाकांच्या आतून ओल बघा, होज (चाकाकडं जाणारा रबरी पाइप) चाचपा, कुठंच थेंब नसेल तर मग मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचा, कप (आतलं रबरी सील) गेलाय असं धरा.

माझी गाडी बेळगावजवळ खानापूरकडं शेडमध्ये दोन पावसाळे नुसती उभी होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतंय, डॉट ३ प्रकारचं ऑइल कोरं असताना २०५ डिग्रीला उकळतंय तेच पाणी धरल्यावर १४० च्या आसपास, म्हणजे चोर्ला घाट उतरताना ड्रम तापले की पेडल मऊ पडणारच. शिवाय त्याच पाण्यानं व्हील सिलिंडर (चाकातले, शू ढकलणारे) आतून गंजतात, त्यात नुसते नवीन कप घातले तर महिन्यात परत गळतंय. गंजाचे खड्डे बोटाला लागले तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये स्लीव्ह (आतून नवी नळी) घालून घ्या नाहीतर सिलिंडर नवाच बसवा. आणि रबर पेट्रोल-डिझेलनं अजिबात धुवू नका, फुगतंय, ब्रेक ऑइलनंच धुवा.

"गाडी डावीकडं ओढूलालीय" असं असेल तर आधी उजवं चाक उघडा, तिथला लायनर (शूवरचा घासणारा थर) ऑइलनं भिजलाय नाहीतर सिलिंडर जाम आहे. भिजलेला लायनर घासून वापरू नका, दोन्ही बाजूचे बदला. ड्रममधली धूळ कंप्रेसरनं उडवू नका हो, जुन्या लायनरमध्ये फुफ्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असू शकतंय, ओल्या फडक्यानं पुसा.

चाक जाम राहत असेल तर ब्लीडर निप्पल (व्हील सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) थोडा सैल करा, ऑइल उडून चाक सुटलं तर प्रेशर मागं अडकलंय, म्हणजे होज आतून फुगलाय किंवा पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची थोडी मोकळी चाल) नाही. तरी नाही सुटलं तर शू नाहीतर सिलिंडरच अडकलाय.

एअर काढताना मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकानं पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्यानं निप्पल उघडून बंद करायचा, मगच पाय सोडायचा. ब्रेक ऑइलची डबी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. निघालेलं ऑइल परत भरू नका, आणि नव्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोडून येतोय.

ट्रायल मोकळ्या रस्त्यावर, अगदी हळू घ्या. चार-पाच किलोमीटर फिरून आल्यावर चारी ड्रमजवळ हात धरून बघा, जो बाकीच्यांपेक्षा जास्त तापलाय तेवढाच परत उघडा.