अर्धवट गोधड्या, बहरातली बाग : या चुका टाळा

अर्धवट राहिलेली गोधडी क्वचितच कंटाळ्यामुळे राहते. ती एखाद्या ठरावीक पायरीवर अडलेली असते. एक ब्लॉक (ठिगळं जोडून केलेला चौकोन) बाकीच्यांपेक्षा लहान भरला, बॉर्डरचं कापड संपलं, तिन्ही थर (वरचं जोडकापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर) पसरायला जागा मिळाली नाही, मशीनवर खालच्या बाजूने दोऱ्याचा गुंता होऊ लागला, की त्या दिवशी घडी घालून ती बाजूला जाते. पुढे अडण्याचं कारण विसरलं जातं आणि गोधडी तेवढी उरते. वसंत सरत येतो तेव्हा दिवस मोठा झालेला असतो, झाडांखाली पुरेशी सावली पडू लागते, आणि बागेत बसून सुई चालवावी असं मनापासून वाटतं. अडलेलं काम सोडवायला हा काळ फार चांगला. पण या उत्साहात काही चुका हमखास होतात. त्यातल्या काही शिवणाच्या, तर काही शिवण बागेत नेल्यामुळे होणाऱ्या.

सगळ्या गोधड्या एकदम उघडू नका

एकदम सगळं पसरलं की मन दडपतं आणि पुन्हा सगळं आत जातं. एकेक गोधडी उघडा आणि चिठ्ठीवर तिची पुढची एकच पायरी लिहा. "शिवून संपवणे" ही पायरी नव्हे. "डाव्या बॉर्डरची पट्टी मोजून कापणे" ही पायरी. शिवाय सुईचा नंबर, दोऱ्याचा रंग, टाक्याची लांबी, ब्लॉकचं माप हेही त्याच चिठ्ठीवर लिहून ती गोधडीला बांधा. मध्ये पुन्हा खंड पडला तरी काम शून्यापासून शोधावं लागत नाही.

सुरुवात सगळ्यात आवडत्या गोधडीने करू नका, पूर्णतेच्या सगळ्यात जवळ असलेल्या गोधडीने करा. नुसता गोट (कड झाकणारी पट्टी) लावायचा राहिला असेल तर ती पहिली. आणि जिचे रंग आता मनाला भावतच नाहीत, तिच्यासाठी ओढाताण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झालेले ब्लॉक उशीच्या अभ्र्यात किंवा टेबलावरच्या पट्टीत छान बसतात, आणि तेही पूर्ण झालेलं कामच असतं.

जुनं कापड न तपासता पुढे शिवू नका

आधी टाचण्या पाहा. थर जोडताना लावलेल्या सेफ्टी पिना आणि कापडातच विसरलेली सुई दमट हवेत गंजते, आणि गंजाचा ठिपका तपकिरी होऊन बसतो. असा डाग दिसला तर क्लोरीन ब्लीच वापरू नका. त्याने गंज निघत तर नाहीच, उलट पक्का होतो. लिंबाचा रस थोडा थोडा लावून भरपूर पाण्याने धुतल्यास फिका होऊ शकतो, पण आधी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर रंग टिकतो का ते पाहा. जे टाचण्यांचं तेच कापड ताणून धरणाऱ्या रिंगचं. हातशिलाई अर्धी सोडून रिंग तशीच लावून ठेवली असेल तर कापड ताणलं जातं आणि गोल वळ राहतो. आजच काढा. रोजचं काम थांबवतानाही रिंग सोडवून ठेवण्याची सवय लावा.

नंतर खुणा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या रेघांवर इस्त्री फिरली की त्या पक्क्या होऊ शकतात, म्हणून इस्त्रीआधी साध्या थंड पाण्याने त्या पूर्ण घालवा. साबण त्यानंतर. उष्णतेने नाहीशा होणाऱ्या पेनाचं उलट आहे: इस्त्रीने रेघ जाते, पण कडक थंडीत परत उमटू शकते. सरळ रेघेसाठी चिकटपट्टी लावली असेल आणि ती तशीच राहिली असेल तर तिचा गोंद कापडावर चिकटून राहतो. ती हळूहळू, कापड सपाट धरून सोलावी.

घड्या शेवटी. वर्षानुवर्षं एकाच रेषेत घडी राहिली की तिथे रंग उडतो आणि धागा कमजोर होतो. वाफेच्या इस्त्रीने घडी गेली तरी ती रेघ उजेडासमोर धरून पाहा. विरळ झाली असेल तर मागून पातळ सुती कापड लावून मगच पुढचं काम करा.

दोऱ्यालाही वय असतं. जुन्या रिळातला हातभर दोरा काढून दोन्ही हातांत धरा आणि झटका द्या. कापसाचा चांगला दोरा थोडा प्रतिकार करून तुटतो. जो लगेच भुसकन तुटतो तो गोधडीसाठी वापरू नका, मग त्याचा रंग कितीही जुळत असो.

लहानमोठे ब्लॉक ओढून बसवू नका

ब्लॉक जुळत नाहीत याचं मूळ बहुतेक वेळा मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात असतं. ठिगळकामात पाव इंच माया धरतात. एका शिवणीत माया एक सोळांश इंच जास्त गेली तर दोन्ही तुकड्यांतून मिळून एक अष्टमांश इंच कमी होतो, आणि एका ओळीत अशा आठ शिवणी असल्या तर अख्खा एक इंच नाहीसा होतो. खंडानंतर मशीन, सुईची जागा किंवा कापड दाबून धरणारं प्रेसर फूट बदललेलं असलं की जुने आणि नवे ब्लॉक इथेच वेगळे पडतात. म्हणून काम परत सुरू करताना आधी तीन पट्ट्या जोडून मधली मोजा. अडीच इंचांच्या पट्ट्या असतील तर मधली बरोबर दोन इंच भरली पाहिजे.

फरक एक अष्टमांश इंचापर्यंत असेल तर तो शिवताना सामावता येतो: मोठा तुकडा खालच्या बाजूला ठेवा. मशीनचे दाते खालचं कापड किंचित जास्त पुढे ओढतात, त्यामुळे जास्तीचं कापड न चुणता आत जातं. त्याहून मोठ्या फरकावर ताणण्याचा उपाय करू नका. ताणलेला ब्लॉक पहिल्या धुण्यानंतर आपल्या मूळ मापाला परततो आणि गोधडीत फुगा येतो. त्याऐवजी सगळ्या ब्लॉकभोवती एक रुंद पट्टी शिवा आणि मग सगळे एकाच मापाला कापा. पट्ट्यांची रुंदी थोडी कमीजास्त दिसेल, डोळ्याला ती खटकत नाही.

कापड संपलं असेल तर तोच रंग शोधत बसू नका. तीच छपाई मिळाली तरी वेगळ्या वेळी रंगवलेल्या कापडात छटा बदललेली असते आणि जवळजवळ सारखा रंग वेगळ्या रंगापेक्षा जास्त खटकतो. सरळ दुसरं कापड घ्या आणि ते निदान तीन ठिकाणी विखरून लावा, म्हणजे ते तडजोडीसारखं न दिसता ठरवून लावल्यासारखं दिसतं.

बॉर्डर लाटांसारखी वरखाली होत असेल तर लांब पट्टी थेट कडेला शिवून उरलेली कापून टाकली असणार. कड नेहमी थोडी ताणलेली असते. गोधडी मधोमध मोजा, त्याच मापाच्या दोन पट्ट्या कापा, मधोमध आणि दोन्ही टोकांना टाचण्या लावून मग बाकीचं जुळवा. लागलेली बॉर्डर उसवून पुन्हा लावायला एक संध्याकाळ लागते, आणि ती खर्च करावीच.

मशीन थेट सुरू करू नका

बंद पडून राहिलेल्या मशीनच्या दात्यांखाली आणि बॉबिनच्या खोबणीत कापसाचा लगदा साठलेला असतो. ब्रशने काढा, फुंकू नका, फुंकरीने ओल आणि तंतू आणखी आत जातात. मशीनच्या सूचनांमध्ये तेल सांगितलं असेल तरच एखाद-दुसरा थेंब घाला आणि रद्दी कापडावर चालवून पाहा. सुई नवी लावा.

खालच्या बाजूला गुंता झाला की सगळे बॉबिनकडे पाहतात, पण कारण बहुधा वरच्या दोऱ्यात असतं. प्रेसर फूट खाली असताना दोरा ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. मुक्त हाताने नक्षी करताना वळणांवर मागून पापणीसारखे फासे दिसत असतील, तर वळणावर हात मशीनच्या मानाने जास्त वेगाने फिरतोय किंवा वरचा ताण कमी आहे. हे आधी नमुन्याच्या तीन थरांवर तपासा, गोधडीवर नाही.

थर जुळवताना दुसरी घाई होते. भरण पिशवीतून काढून लगेच पसरू नका. रात्रभर मोकळं पसरून ठेवलं की घड्या सैल होतात. किती अंतरापर्यंत शिवण चालेल हे पाकिटावर लिहिलेलं असतं. काहींवर चार इंच, काहींवर आठ किंवा दहा. जुन्या गोधडीचं पाकीट हरवलं असेल तर चार इंच धरून शिवा, म्हणजे बहुतेक भरणं सरकणार नाहीत. चिकट फवाऱ्याने जोडलेले थर बरेच महिने पडले असतील तर तो गोंद सुटलेला समजा आणि हाताने कच्चे टाके घाला. शिवण मधून कडेकडे न्या. कडेपासून सुरू केली की मधे साचलेल्या कापडाला वाट मिळत नाही आणि अस्तराला चुण्या पडतात.

हातशिलाई अर्धी सोडली असेल तर आणखी एक काळजी. खंडानंतर टाका लहान-मोठा होतो. जिथे सोडलं तिथूनच सुरू केलं तर नवी-जुनी हद्द ठळक दिसते. आधी वेगळ्या तुकड्यावर हात बसवा, मग गोधडीच्या निरनिराळ्या भागांत थोडं थोडं शिवत जा.

बागेत चुकीचं काम नेऊ नका

मशीन, रोटरी कटर, मापं आणि इस्त्री घरातच. बागेत न्यायचं काम असं असावं की मध्येच खाली ठेवता येईल, कारण या दिवसांत बाग थांबत नाही: तणाला बी धरण्याआधी उपटायचं असतं, वेलींना आधार बांधायचा असतो, नव्या रोपांना पाणी द्यायचं असतं. गोट हाताने तुरपणं, सुटे धागे आत ओढून घेणं, ॲप्लिकेच्या (वरून शिवायच्या नक्षीच्या तुकड्यांच्या) कडा वळवणं, कागदाच्या साच्यावर षटकोन शिवणं ही त्यासाठी सगळ्यात योग्य कामं. सकाळी बागेला पाणी देऊन झालं, माती वरून सुकली, की दुपारच्या सावलीत ही कामं घेता येतात.

सावली मात्र खरी हवी. थेट उन्हात कापसाचे रंग उडतात, आणि उघड्यावर पसरलेल्या घडीचा वरचा भाग फिका होऊन पट्टा उमटतो. सावलीतला दिवसाचा प्रकाश रंग जुळवायला अप्रतिम असतो. दिव्याखाली जुळलेला दोरा बाहेर वेगळा दिसतो, तेव्हा गोटाचा दोरा निवडायचं काम तरी बाहेर आणाच.

बसण्याआधी वर पाहा. या काळात अनेक झाडांवर मावा ही कीड पडते आणि तिचा चिकट गोड द्रव खाली ठिबकतो. खुर्ची किंवा फांदी चिकट लागत असेल तर जागा बदला. पराग गोधडीवर पडला तर हाताने झटकू नका आणि ओलं कापड तर मुळीच लावू नका. लिलीचा पराग असा घासला की नारिंगी डाग धाग्यात जातो. आधी हलकेच हलवून पाडा, मग चिकटपट्टीने टिपा.

हातांना लावलेलं सनस्क्रीन हे डागाचं एक लपलेलं कारण आहे. त्यातल्या ॲव्होबेन्झोन या घटकाचा पाण्यातल्या लोहाशी संयोग झाला की फिक्या कापडावर गंजासारखे डाग पडतात, आणि ते धुतल्यानंतरच दिसतात. शिवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवा. मातीत काम केल्यावर नखं आणि खरखरीत बोटांच्या कडाही पाहा, नाहीतर दोरा अडकून अडकून पिसतो.

गवतात पडलेली सुई शोधणं कठीण, आणि कुत्र्या-मांजरांना आणि अनवाणी पायांना ती घातक. मोजून सुया न्या, मोजून आत आणा, आणि खुर्चीखाली जुनी चादर पसरून बसा. संध्याकाळी दव पडण्याआधी गोधडी आत गेलीच पाहिजे. भरण ओल धरून ठेवतं, वरून कोरडं लागलं तरी आत दमट राहतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

शेवटच्या पायरीत कमी पडू नका

गोटाची पट्टी कमी पडणं ही अखेरची नेहमीची अडचण. साठ बाय बहात्तर इंचांच्या गोधडीचा घेर २६४ इंच, त्यात कोपरे आणि शेवटच्या जोडासाठी बारा इंच धरले तर २७६ इंच. चाळीस इंचांच्या सात पट्ट्या २८० होतात खऱ्या, पण तिरक्या जोडात प्रत्येक ठिकाणी सुमारे अडीच इंच जातात आणि पट्टी अपुरी पडते. आठ कापा. सरळ कडांना सरळ पट्टी पुरते, गोलसर कडा असतील तर उरेब (कापडात तिरकी कापलेली) पट्टीच हवी, नाहीतर कड वर वळते.

पहिलं धुणं थंड पाण्यात, गोधडी एकटीच. गडद लाल आणि निळ्या रंगांचं पाणी सुटत असेल तर ती ओली असताना एका जागी गोळा करून ठेवू नका, रंग शेजारच्या फिक्या तुकड्यात उतरतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळखळून घ्या. वाळवताना एका कडेवर टांगू नका, ओल्या भरणाचं वजन टाक्यांवर येतं. सावलीत सपाट पसरा, मध्ये एकदा उलटा. वाळल्यावर मागच्या कोपऱ्यात वर्ष, माप आणि भरणाचा प्रकार लिहिलेली छोटी कापडी चिठ्ठी शिवा. पुढच्या वेळी धुताना किंवा दुरुस्तीला काढताना तीच माहिती लागते. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती अभ्रा वापरा आणि दर काही महिन्यांनी घडीची रेषा बदला.