जुन्या जीपला दुसरं मागचं हाउसिंग टाकताय? आधी टेप आणि खडू घ्या

यावल-रावेरकडे केळीच्या मळ्यांत जुनी जीप अजून दिसते, आणि तिचं मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला अ‍ॅक्सलचा सांगाडा) वाजायला लागलं की कुणीतरी सांगतंच, 'भो, भंगारात पिकअपचं पडलंय, पाच बोल्टचंच आहे, टाकून दे'. नुसते बोल्ट मोजून काही कळत नाही भाऊ, पैसे द्यायच्या आधी हे बघा.

पहिलं पीसीडी, म्हणजे स्टडच्या मध्यातून जाणारं वर्तुळ. चार किंवा सहा स्टड असले तर समोरासमोरचं माप घेतलं की झालं. पाचात समोर कुणी नसतो, म्हणून शेजारच्या दोन स्टडचं अंतर घ्यायचं, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत, आणि 1.701 ने गुणायचं. 82 मिमी भरलं तर 139.7, म्हणजे साडेपाच इंच, हे विलीस घराण्यातल्या जीपचं माप, जिप्सीचंही तेच. 67 भरलं तर 114.3, ती डिस्क (चाकाची लोखंडी रिम) जीपला बसत नाही, कुणी ठोकून बसवतो म्हणाला तरी. अन् नुसतं साडेपाच ऐकूनही भुलू नका, जुन्या शेवरोले पिकअपला साडेपाच इंचातच सहा बोल्ट असायचे, फोर्ड एफ-100 ला पाच.

डिस्कचं मधलं भोक हबवर जातंय का तेही बघा. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असू शकतात, स्टडच्या टोकावर एल दिसला तर पाइप लावून नेहमीच्या बाजूने जोर करू नका, स्टडच तुटेल.

आता खरं काम, रेशो, म्हणजे दोन्ही चाकं एक फेरा फिरली की जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सकडून हाउसिंगकडे येणारा दांडा) किती फेरे फिरतो. फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा सारखाच लागतो, नाहीतर गिअर नाहीतर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा), काहीतरी जातंच. गाडी पक्क्या जागेवर घ्या, काळ्या रानात जॅक रुततो. पुढच्या चाकांना दगड, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक वर आणि खाली घोडी (लोखंडी आधार), घोडी नसेल तर कुणी आत डोकं घालायचं नाही. चाकावर आणि जॉइंट शाफ्टवर खडूची रेघ मारा, चाक बरोबर दोन फेरे फिरवा, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दोन अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, त्यामुळे क्राऊन (हाउसिंगमधलं मोठं दातेरी चक्र) चाकाच्या निम्माच फिरतो. शाफ्टचे पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त आले तर 5.38, क्राऊनला 43 दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं चक्र) 8. भंगारातल्याचं झाकण उघडायला लावा आणि सरळ दातच मोजा.

गोळा (हाउसिंगचा फुगीर भाग, ज्यात क्राऊन बसतो) कुठे आहे तेही बघा. जुन्या जीपचा एका बाजूला असतो कारण ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) तोंड तिकडेच, मधोमध गोळ्याचं हाउसिंग टाकलं की शाफ्ट तिरका आणि क्रॉस लवकर खलास. ड्रम ते ड्रम रुंदी जास्त असेल तर चाक मडगार्डच्या बाहेर येतं.

पाट्याच्या गाद्या (हाउसिंगवर पाटे जिथे टेकतात त्या बैठका) सगळ्यात शेवटी वेल्ड करा, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर ठेवून आणि पिनियनचा कोन जुन्यासारखा लावून. त्याआधी आरटीओत विचारून घ्या, फेरफाराला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागतं. आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर, जळगावहून निघालात तर चोपडा आल्यावर, चाकाचे नट आणि यू-बोल्ट परत आवळा.