रायटरमधल्या बगची तक्रार कशी लिहायची: दारव्ह्याच्या टायपिंगच्या दुकानातून

दारव्ह्याला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. ग्रामसभेचे ठराव, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीच्या नोटिसा, पत्रिकांचा मजकूर, सगळं लिब्रेऑफिस रायटरमध्ये होतं. दोन्ही संगणकांवर लिनक्स मिंट आहे, त्यात ते आयतंच येतं. छापलेल्या कागदात काही वाकडंतिकडं दिसलं की गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला: "ताई, हे काहून असं आलं वो?"

फुकटचं सॉफ्टवेअर आहे, चालायचंच, असं म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. 2010 साली ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते आणि दर फेब्रुवारी-ऑगस्टला नवी आवृत्ती येते. 24.8 म्हणजे 2024 चा ऑगस्ट, इतका सोपा हिशोब. काम सतत चालू असतं, पण 'शेतकऱ्यांना' हा शब्द मोडला हे तिकडच्या प्रोग्रामरला कोण सांगणार? त्याला तो वाचताही येत नाही. म्हणून तक्रार अशी हवी, की देवनागरीचा गंध नसलेल्या माणसाच्या पडद्यावरही तीच चूक जशीच्या तशी उमटली पाहिजे.

आधी तो बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधलाच दोष, आहे का, हेच पाहा. बाहेरून आलेली फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसला, तर ती बहुधा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या, युनिकोड (अक्षरांचे जगभर एकच असलेले कोड) नसलेल्या फॉन्टमधली असते. फॉन्टच्या चौकटीत नाव तिरप्या अक्षरात दिसलं तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. यासाठी तक्रार करू नका.

जोडाक्षर बिघडलं असेल तर तोच मजकूर नोटो सान्स देवनागरी आणि लोहित देवनागरी अशा दोन फॉन्टमध्ये लावून बघा. एकात नीट, दुसऱ्यात नाही, तर दोष फॉन्टचा. मग तोच शब्द, त्याच फॉन्टमध्ये, फायरफॉक्समध्ये बघा. अक्षरं जुळवायला लिब्रेऑफिस आवृत्ती 5.3 पासून सगळीकडे हार्फबझ नावाचं साधन वापरतं, आणि फायरफॉक्सही तेच. दोन्हीकडे सारखंच बिघडत असेल तर घोळ फॉन्टमध्ये किंवा हार्फबझमध्ये आहे, रायटरच्या माथी मारू नका.

आपल्या मराठीचा एक खास गुंता आहे. वऱ्हाड, शेतकऱ्यांना, दुसऱ्या यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले कोड वेगळे. त्यामुळे 'शोधा' केल्यावर एक सापडलं आणि दुसरं नाही, असं झालं तर घाबरू नका. ऑल्ट आणि एक्स दाबा, कर्सरच्या आधीच्या अक्षराच्या जागी त्याचा कोड दिसेल. पुन्हा दाबलं की अक्षर परत. एकात 0931 (नुक्त्याचा ऱ) आणि दुसऱ्यात 200डी (न दिसणारा जोडक) दिसलं की उलगडा झाला. तरीही दोन्ही सापडायला हवेत असं वाटत असेल तर जरूर मागा, पण सुधारणेची मागणी म्हणून मागा.

इतकं करूनही चूक राहिली, तर हेल्पमधून 'रीस्टार्ट इन सेफ मोड' करून बघा. तिथे ती नाहीशी झाली तर तुमची जुनी सेटिंग्ज किंवा एखादं एक्स्टेन्शन बिघडलेलं असतं. (लाईट गेल्यावर फाइल अर्धवट राहिली तर तो महावितरणचा विषय आहे. ऑटो रिकव्हरीची वेळ दहा मिनिटांवरून दोनवर आणा.)

आता खरं काम. समजा, चौदा पानी ठरावातला तक्ता पुढच्या पानावर गेला की एक ओळ गायब होते. चौदा पानं पाठवू नका. फाइलची नक्कल करा आणि अर्धा मजकूर उडवा. चूक टिकली तर आणखी अर्धा उडवा. गेली तर मागे या आणि दुसरा अर्धा उडवा. तूर पाखडावी तसं करत शेवटी चार ओळी आणि एक तक्ता उरला पाहिजे. याला कंटाळा येतो, पण तक्रारीचं निम्मं वजन इथेच आहे.

आणि गिऱ्हाइकाची मूळ फाइल कधीच जोडू नका. बगझिलावर, म्हणजे लिब्रेऑफिसच्या तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर, जोडलेली फाइल जगात कुणालाही उघडता येते. एखाद्या काकाजींचा गट नंबर, आधार, बँक खातं तिथे टांगायचा आपल्याला काय अधिकार? नावांच्या जागी 'अ ब क' टाका, नोंदवलेले बदल काढून टाका, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अप्लाय युजर डेटा'ची खूण काढा आणि 'रीसेट प्रॉपर्टीज' दाबा, म्हणजे लेखकाचं नावही जाईल. त्यानंतर चूक अजून दिसते का, हे पुन्हा तपासा.

पुढे आवृत्ती. मिंटमधली आवृत्ती जुनी असू शकते. ॲपइमेज डाउनलोड केली तर इन्स्टॉल न करता ताजी आवृत्ती चालवता येते. फाइल मोठी असते, म्हणून मी ती रात्री लावून ठेवते. ताज्यात चूक नसेल तर ती आधीच दुरुस्त झालेली आहे, तक्रार संपली. असेल, तर लिब्रेऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातली एखादी आवृत्तीही तपासा. 'जुन्यात ठीक होतं, नव्यात बिघडलं' हे सांगता आलं तर ते सोन्यासारखं. अशा बगला तिकडे रिग्रेशन म्हणतात, आणि नेमक्या कोणत्या बदलामुळे बिघडलं ते शोधायची त्यांच्याकडे सोय आहे.

मग बगझिलावर खातं उघडा आणि आधी शोधा. तोच बग कुणी नोंदवला असेल तर तिथेच आपली माहिती जोडा. नवा असेल तर मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, फक्त पायऱ्या क्रमाने हव्यात: फाइल उघडा, दुसऱ्या पानावर जा, तक्ता बघा. काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, हे वेगवेगळं लिहा. पडद्याच्या छायाचित्रात बिघडलेल्या अक्षराभोवती लाल गोल काढा आणि शेजारी बरोबर अक्षर दाखवा. हेल्पमधल्या 'अबाउट'मध्ये आवृत्तीची सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, ती तशीच चिकटवा. 'चालत नाही, लवकर करा' असं लिहिलं तर कुणी काहीच करू शकत नाही.

सुरुवातीला तक्रारीची स्थिती 'अनकन्फर्म्ड' (खात्री न झालेली) असते. ती आपण स्वतः 'न्यू' करायची नाही. दुसऱ्या कुणी तोच बग बघितला की तो करतो. 'नीडइन्फो' (आणखी माहिती हवी) झालं तर चेंडू तुमच्याकडे. तेव्हा उत्तर द्याच, कारण सहा महिने गप्प राहिलात तर आधी आठवण येते आणि मग तक्रार बंद होते. दुरुस्ती झाली की तशी नोंद येते आणि एक-दोन दिवसांत ती रोजच्या चाचणी-आवृत्तीत उतरते. ती उतरवून घ्या, तीच चार ओळींची फाइल उघडा आणि ओळ परत आली असेल तर तसं लिहून स्थिती 'व्हेरिफाइड' करा. मात्र गिऱ्हाइकाचं काम त्या चाचणी-आवृत्तीत करू नका; पक्की आवृत्ती येईपर्यंत तक्ता पान फोडून दोन भागांत टाका.