बेळगाव-खानापूर भागातून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) कशी शोधावी

नोव्हेंबरच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, रात्री साडेनऊला बाहेर पडा. चांदणं असेल तर खटाटोप करूच नका. बेळगाव शहरातल्या गच्चीवरून हाती फारसं काही लागत नाही; खानापूरच्या पुढे जांबोटीकडचं उघडं माळरान उत्तम. ऊस गाळपाच्या दिवसांत पाचट पेटवलेल्या शिवारापासून लांब राहा, धुरात पुसट गोष्टी आधी बुडतात.

वीस-पंचवीस मिनिटं अंधारात थांबा. मोबाईल खिशातच! एकदा पडद्याकडे पाहिलंत की डोळे पुन्हा सरावायला तेवढाच वेळ.

उत्तरेकडे तोंड करून मान वर करा. डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून उजवीकडे, किंचित खाली सरका. पहिला तारा मंद आहे, तो सोडून दुसरा ठळक तारा पकडा. तिथून काटकोनात वळून खाली शर्मिष्ठेच्या (इंग्रजी M सारख्या दिसणाऱ्या तारकासमूहाच्या) दिशेला जा: एक मंद तारा, मग आणखी मंद दुसरा. त्या दुसऱ्याला जवळजवळ चिकटून धुरकट लांबट ठिपका दिसतो, तीच दीर्घिका. सरळ रोखून पाहिलं तर ती विरते. नजर जरा बाजूला ठेवा.

७×५० किंवा १०×५० ची (७ किंवा १० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दोन डोळ्यांची दुर्बीण पुरे. फोटोतल्या सर्पिल भुजा मात्र दिसणार नाहीत. हा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. भिंगावर दव धरलं तर शालीच्या पदराने पुसू नका, धुळीने ओरखडे पडतात. दुर्बीण थोडा वेळ स्वेटरच्या आत धरा.