मालवणच्या हिरव्या पाण्यात कॅमेरा घेऊन उतरताना

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकून झाल्यावर मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन पाण्यात उतरले आणि वीस मिनिटांचे चित्रीकरण करून मोठ्या समाधानाने वर आले. संध्याकाळी ते संगणकावर पाहिले, तेव्हा खडकाच्या कपारीतला जो गोबरा मासा मला डोळ्यांनी स्पष्ट दिसला होता, तो हिरवट धुक्यातला एक राखाडी ठिपका झालेला होता. त्या रात्री मी महागड्या कॅमेऱ्यांच्या किमती शोधत बसले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, तो मासा आणि भिंग यांच्यामध्ये मी ठेवलेल्या तीन मीटर पाण्याचा होता, हे समजायला मात्र पुढचा अख्खा हंगाम गेला. पाण्याखालच्या चित्रीकरणात नवख्या माणसाने जे काही शिकायचे असते, त्यातील बहुतेक सगळे हे मधले पाणी कमी करण्याशी जोडलेले आहे.

पाणी प्रकाशातील रंग सारख्या प्रमाणात गिळत नाही. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच जवळजवळ नाहीसा होतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो. हा हिशेब केवळ खोलीचा नसतो; पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून भिंगापर्यंत प्रकाशाने कापलेले सगळे अंतर त्यात मोजले जाते. म्हणून विषय एक मीटरच्या आत, आणि शक्य असेल तर अर्ध्या मीटरवर असावा. इतक्या जवळून पूर्ण दृश्य मावावे यासाठी रुंद कोनाचे भिंग लागते. परंतु पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 असल्यामुळे हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, सपाट काचेतून वस्तू पाव अंतराने जवळ आल्यासारख्या दिसतात आणि रुंद कोन आपोआप अरुंद होतो. अर्धगोलाकार काचेचा डोम पोर्ट लावला की तो कोन परत मिळतो. मात्र डोममधून कॅमेऱ्याला प्रत्यक्ष वस्तू नव्हे, तर डोमच्या अगदी पुढ्यात तयार झालेली तिची आभासी प्रतिमा दिसते, त्यामुळे अतिशय जवळ फोकस न होणारे भिंग डोममागे निरुपयोगी ठरते.

सुरुवातीला अॅक्शन कॅमेरा पुरेसा आहे, हे माझे ठाम मत आहे. गोप्रोसारखे बहुतेक नवे कॅमेरे हाउसिंगशिवाय 10 मीटरपर्यंत चालतात, पण ती मर्यादा गाठण्याच्या भरवशावर कोणी उतरू नये. स्वतंत्र हाउसिंग पहिल्या दिवसापासून वापरावे. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यासाठी लाल फिल्टर लावतात, तर मालवणच्या हिरव्या पाण्यात किरमिजी फिल्टर अधिक उपयोगी पडतो. कॅमेऱ्यात सोय असेल, तर पांढरी पाटी समोर धरून हाताने व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे अशी रंगांची जुळणी, ठरवावा आणि खोली तीन-चार मीटरने बदलली की तो पुन्हा ठरवावा. दिवे लावल्यावर फिल्टर काढलाच पाहिजे, नाहीतर जवळचे सगळे तांबडे दिसते.

दिव्यांच्या बाबतीत मी बराच काळ चुकले. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असला की मधल्या पाण्यातील कण उजळतात आणि बर्फ पडत असल्यासारखे चित्र येते. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात. दोन दिवे लांब दांड्यांवर बाजूला नेऊन किंचित बाहेरच्या दिशेने वळवले, म्हणजे प्रकाशाच्या झोताची केवळ कड विषयावर पडते आणि मधले पाणी अंधारात राहते. आपल्या किनाऱ्यावर हे जमल्याशिवाय चांगले चित्रीकरण होत नाही.

पाणी कधी निवळते, हे मला मालवणच्या मच्छिमारांनी शिकवले. पौर्णिमा आणि अमावस्येच्या उधाणाला तळाचा गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते, तेव्हा प्रवाह मंद आणि पाणी तुलनेने स्वच्छ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील असे दिवस पंचांग पाहून आधीच राखून ठेवावेत. पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असते.

कॅमेऱ्याआधी शरीर स्थिर व्हावे लागते. किमान 25 डाइव्ह होऊन पाण्यात तरंगत एका जागी थांबता येईपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नये, असे मी प्रत्येक नवशिक्याला आग्रहाने सांगते. चित्र हलू नये म्हणून काही जण श्वास रोखतात. ही सवय प्राणघातक आहे, कारण श्वास रोखून थोडेसे वर गेले तरी प्रसरण पावणाऱ्या हवेने फुफ्फुसाला इजा होऊ शकते. हळू आणि अखंड श्वास घ्यावा, कॅमेरा ट्रेवर, म्हणजे मुठी असलेल्या पट्टीवर, बसवून दोन्ही हातांनी धरावा, बेडकासारखे पाय मारावेत म्हणजे गाळ उडत नाही, आणि प्रत्येक दृश्य मनात दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवावे. सेकंदाला 25 फ्रेम असताना शटर 1/50 सेकंद ठेवला की माशांची हालचाल नैसर्गिक दिसते. दृश्य संपले की प्रथम टाकीतील हवेचा काटा आणि मग आपला जोडीदार पाहावा. चित्रीकरणात या दोन्हींचा विसर फार लवकर पडतो. आधारासाठी प्रवाळाला धरू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील प्रवाळांना संरक्षण आहे, आणि मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

या कामातून उपजीविका करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. पर्यटकांचे चित्रीकरण किंवा संशोधकांना प्रवाळांच्या नोंदींसाठी मदत करताना मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगचे प्रगत प्रशिक्षण उपयोगी पडते. बंदरातील खांब किंवा जहाजाचा तळ तपासण्यासाठी मात्र व्यावसायिक डायव्हरचे वेगळे प्रशिक्षण लागते.

शेवटी ओ-रिंगविषयी, म्हणजे हाउसिंगमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्याविषयी. एका सकाळी होडीत घाईघाईने हाउसिंग बंद करताना रबराच्या त्या कड्यावर एक केस राहिला आणि आठ मीटरवर काचेच्या आत पाण्याची रेघ चढताना मी पाहिली. कॅमेरा वाचला नाही. तेव्हापासून मी हाउसिंग आदल्या रात्री कोरड्या खोलीत, उजेडात बंद करते. ओ-रिंग काढून बोटाने सर्व बाजूंनी चाचपते, उत्पादकाने सांगितलेले ग्रीस केवळ चकाकी येईल इतकेच लावते आणि धुके धरू नये म्हणून आत सिलिका जेलची पुडी ठेवते. नवे हाउसिंग पहिल्या डाइव्हला रिकामेच नेते. परतल्यावर ते अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण अनेकदा दाबते, म्हणजे मीठ साचत नाही, आणि बाहेरून पूर्ण पुसून झाल्यावर, स्वतःचे ओले केस बांधूनच ते उघडते.